खडकाचं वय आणि कूळ कसं शोधावं: बडोद्याहून अरवलीच्या शेपटापर्यंत

बडोद्यात वाढलेल्या माणसाला डोंगर म्हटला की पावागडच आठवतो. पाऊस उघडल्यावर हवा स्वच्छ असली, तर उंच गच्चीवरून ईशान्येला तो निळसर दिसतो. आपली विश्वामित्री तिथूनच उतरते. मागच्या हिवाळ्यात माचीच्या वाटेवर भाचीने विचारलं, "आत्या, हा डोंगर किती जुना?"

"साडेसहा कोटी वर्षं, थोडं इकडेतिकडे."

ती थक्क झाली. मी पूर्वेला बोट केलं. जांबुघोड्याच्या बाजूला बुटक्या, गोलसर टेकड्यांची रांग दिसत होती. "त्या टेकड्यांमधला ग्रॅनाइट या डोंगराच्या चौदापटीहून जुना. आणि ज्या खडकांत तो ग्रॅनाइट घुसलाय, ते त्याच्याही आधीचे."

"पण त्या तर इतक्या बुटक्या!"

तिचा हा प्रश्न बरोबर ठिकाणी लागला. उंचीवरून वय ठरत नाही. त्या बुटक्या टेकड्या म्हणजे अरवली पर्वताचं दक्षिणेकडचं शेपूट आहे. दिल्लीच्या कडेपासून निघालेली ही रांग सुमारे ७०० किलोमीटर येऊन चांपानेरच्या आसपास संपते. एके काळचा मोठा पर्वत झिजून गेला, त्याची मुळं तेवढी उरली. ती मुळं वाचायची कशी, त्यांचं वय कसं काढायचं आणि ती कोणत्या भूहालचालीतून आली हे कसं ओळखायचं, ते इथे लिहिते आहे. भूशास्त्र शिकलेले असाल तर उत्तम. नसाल तरी पहिला अर्धा भाग कुणालाही दोन-तीन रविवारांत करून पाहता येईल.

आधी घरी बसून नकाशा

हातोडी घेऊन थेट निघायचा मोह आवरा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर देशाचे भूशास्त्रीय नकाशे मोफत पाहता येतात. पावागड, जांबुघोडा, शिवराजपूर हा सगळा भाग ४६ एफ या टोपोशीटमध्ये, म्हणजे सर्वेक्षणाच्या क्रमांकित नकाशात, येतो. नकाशा उघडलात की रंग नंतर बघा, आधी सूची वाचा. सूचीत सगळ्यात खाली सर्वांत जुना खडक असतो आणि वर सर्वांत नवा.

इथे तीन नावं भेटतील: दख्खनचा कातळ (पावागडचा लाव्हा यातलाच), गोध्रा ग्रॅनाइट आणि चांपानेर समूह. चांपानेर समूह हा अरवलीच्याच घराण्यातला मानतात. ब्लॅनफर्ड या भूशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये या थरांना चांपानेरचं नाव दिलं. लांबिया, खांडिया, नारुकोट, जाबान, शिवराजपूर आणि राजगढ हे त्याचे भाग आणि ही सगळी आसपासच्या गावांची नावं आहेत. नकाशावरचं नाव गावच्या फाट्यावरच्या पाटीवर दिसतं तेव्हा मला आजही आनंद होतो.

आता नकाशावर पेन्सिलीने दोन रंगांच्या सीमांवर खुणा करा. एकाच रंगाच्या मधोमध उभं राहून फारसं हाती लागत नाही. कोण आधी आणि कोण नंतर, हे दोन खडक भेटतात तिथेच कळतं. रस्ता, नाला किंवा जुनी खाण ती सीमा कुठे ओलांडते ते शोधा, म्हणजे दिवसाचा मार्ग आपोआप ठरतो.

पिशवीत काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात अडकवा. बाकी काही विसरलं तरी चालेल, भिंग विसरू नका. सोबत खडकाची हातोडी, होकायंत्र आणि नती, म्हणजे थराचा उतार, मोजायचं साधन (फोनमधलं ॲप चालतं, पण फोन लोखंडी वस्तूजवळ धरू नका), खिशातला चाकू, छोटं लोहचुंबक, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबाथेंबाने पडणारी बाटली, पाण्याची फवारणी, न पुसणारं मार्कर, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पुठ्ठ्याची वही घ्या. हातोडी चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्रॅनाइटची कपची उडते ती काचेसारखी धारदार असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाने नाले धुऊन निघालेले असतात आणि गवत वाळायला लागलेलं असतं. जांबुघोड्याचा बराच भाग अभयारण्य आहे, तिथे बिबट्या आणि अस्वलं आहेत. आत जायला वनखात्याची परवानगी घ्या. परवानगी फिरण्याची असेल तर ती दगड फोडण्याची आहे असं समजू नका. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे. तिथे हातोडी पिशवीतच ठेवा. तटाचे आणि मशिदींचे दगड घडवून आणून बसवलेले असतात, म्हणून तो दगड जिथे दिसतो तिथलाच आहे असं धरता येत नाही. वस्तीतून जाताना तिथल्या राठवा आदिवासी मंडळींशी आधी दोन शब्द बोला. कुठल्या ओहोळात कातळ उघडा आहे हे त्यांच्याइतकं नकाशालाही ठाऊक नसतं.

पहिला रविवार: पावागड, तुलनेसाठी

जुना खडक ओळखायचा तर आधी नवा डोळ्यांत बसवावा लागतो. माचीकडे चढताना डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे थर दिसतात. हे लाव्हाचे प्रवाह, एकावर एक साचलेले. खालचे थर बेसाल्टचे, काळे आणि जड. माथ्याकडे गेलात की खडक फिकट होतो, तो रायोलाइट. बेसाल्टपेक्षा त्यात सिलिका बरीच जास्त असते. एकाच ज्वालामुखी घराण्यात हे दोन्ही टोकांचे खडक एकत्र दिसावेत, म्हणून पावागड अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षं खुणावतो आहे.

आपल्याला इथून एकच गोष्ट टिपायची आहे: हे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांना कुणी मुरगाळलेलं नाही. वहीत लिहा, "थर आडवे, घड्या नाहीत, पातळ पत्रे सुटत नाहीत." पुढच्या रविवारी हेच वाक्य कामी येईल. जांबुघोड्याकडचे खडक उभे तिरपे आणि घड्या पडलेले दिसले की विचार असा करायचा: ज्या दाबाने ते मुरगाळले तो दाब पावागडच्या लाव्हाच्या वेळी असता, तर हा लाव्हाही मुरगाळला असता. म्हणजे घड्या आधी, लाव्हा नंतर. यंत्र नाही, रसायन नाही, नुसत्या डोळ्यांनी दोन घटनांचा क्रम लागला.

दुसरा रविवार: जुन्या खडकांसमोर

हालोल-शिवराजपूर रस्त्याने जांबुघोड्याकडे निघा. शिवराजपुरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मँगनीज काढत असत. त्यासाठी चांपानेर रोडपासून पाणी माइन्सपर्यंत नॅरोगेज गाडी धावायची. जुन्या खाणींच्या आसपास काळा, हाताला डाग लावणारा, बोजड दगड सापडतो, तोच मँगनीजचा. पाण्याने भरलेल्या खाणीच्या काठाशी जाऊ नका.

कुठल्याही दगडाशी थांबल्यावर पहिला प्रश्न: हा इथलाच आहे का? मी एम.एस्सी.ला असताना एक सुरेख गुलाबी ग्रॅनाइट उचलून आणला, त्यावर चार पानं लिहिली. नंतर त्याच जागी परत गेले तर कळलं, की तो ओढ्याने वाहून आणलेला गोटा होता आणि खालचा कातळ पूर्ण वेगळा. चार पानं फाडावी लागली. तेव्हापासून मी खडकावर पाय ठेवून हलवून बघते, कडेने माती उकरते आणि शेजारच्या पाच-सात ठिकाणी तोच खडक त्याच दिशेने जातो का ते तपासते. जमिनीत रुजलेला असेल तरच तो पुरावा.

मग ताजी बाजू. बाहेरचा तांबूस-काळा थर उन्हापावसाचा असतो. हातोडीने एक कपची उडवा, ताज्या बाजूवर पाणी फवारा, भिंग डोळ्याला टेकवा आणि दगड भिंगाजवळ आणा. उलटं करू नका. आता काय दिसतं?

चांपानेरच्या खडकांत बहुधा फिलाइट भेटेल. तो करडा किंवा हिरवट, त्याचे पातळ पत्रे सुटतात आणि उन्हात तिरपा धरला की रेशमासारखी झाक मारतो. ती झाक बारीक अभ्रकाची. हा कधीकाळचा चिखल आहे. दाबाने आणि उष्णतेने त्यातल्या चिकणमातीचे अभ्रकाचे पापुद्रे झाले, पण दाब फार वाढला नाही, म्हणून अभ्रक डोळ्यांना सुटा दिसत नाही. शेजारी क्वॉर्ट्झाइट असेल, म्हणजे मुरलेला वालुकाश्म. चाकूने ओरखडा पडत नाही, उलट चाकूचंच पोलाद त्यावर घासून रेघ उमटवतं. फोडलात तर कणाकणाभोवतून न फुटता कण कापत फुटतो. आम्लाच्या थेंबाने फसफसला तर चुनखडी. तसाच शांत राहिला, पण चाकूने खरवडून पूड केल्यावर हळू फसफसला तर डोलोमाइट. आणि कुठे पिंडाश्म भेटला, म्हणजे गोटे सिमेंटात बसवल्यासारखा खडक, तर तिथे तासभर बसा.

पिंडाश्म का महत्त्वाचा? त्यातला प्रत्येक गोटा हा त्या थरापेक्षा जुना. आधी कुठेतरी खडक होता, तो फुटला, नदीत घासून गोल झाला, इथे येऊन साचला, मग पुन्हा खडक झाला. गोट्यांत ग्रॅनाइट असेल तर जवळपास आधीपासून ग्रॅनाइटची जमीन उघडी होती. नुसती गारगोटी असेल तर मऊ खडक वाटेत भुगा होऊन गेले असतील. गोटे एकाच दिशेला लांबलेले, चेपलेले दिसले तर नंतर त्यांच्यावर दाब आला. एका हाताच्या रुंदीत तीन घटना.

थर कुठला, पत्रा कुठला

नवशिके इथेच हमखास चुकतात. जुन्या खडकात दोन तऱ्हांच्या समांतर रेघा असतात. एक मूळ थर: रंग बदलतो, कण बदलतो, वाळूनंतर चिखल येतो. दुसरी पत्र्यांची दिशा, जी नंतरच्या दाबाने तयार झाली. खडक फुटतो तो पत्र्यांवरून, म्हणून डोळा तिकडेच जातो आणि आपण तोच थर समजतो. आधी रंगाचे आणि कणांचे पट्टे शोधा, त्यांना थर म्हणा, मग पत्रे त्या पट्ट्यांना कोणत्या कोनात कापतात ते बघा. घडीच्या कुशीवर दोन्ही जवळजवळ समांतर असतात, घडीच्या माथ्यावर ते एकमेकांना कापतात. म्हणजे हा कोन बघून तुम्ही घडीच्या कुठल्या भागावर उभे आहात हे सांगता येतं, भले आख्खी घडी अर्धा किलोमीटर रुंद असो.

दोन्ही मोजा. उताराच्या पृष्ठभागावर आडवी रेघ जिथे जाईल ती दिशा, म्हणजे कल, लिहा, मग तिच्याशी काटकोनात खाली किती अंश उतार आहे ते लिहा, आणि उतार कोणत्या बाजूला तेही लिहा. एका ठिकाणी तीनदा मोजून मधला आकडा धरा. दिवसभरात तीस-चाळीस नोंदी झाल्या की घरी त्या नकाशावर छोट्या रेघांनी मांडा.

मग एक गंमत दिसेल. उत्तरेकडे राजस्थानात अरवलीचा कल ईशान्य-नैर्ऋत्य आहे. इथे चांपानेरच्या खडकांत तो वळून पूर्व-पश्चिमेकडे झुकतो. पूर्व-पश्चिम हा कल मध्य भारतातल्या सातपुडा पट्ट्याचा. म्हणजे आपण दोन मोठ्या पट्ट्यांच्या सांध्याजवळ उभे आहोत. नारुकोटजवळ घुमटासारखी रचना अभ्यासकांनी नोंदली आहे. चादर एका दिशेने चुरगाळली की लांब वळ्या पडतात. त्या तशाच ठेवून आडव्या दिशेने पुन्हा दाबली की उंचवटे आणि खळगे तयार होतात. घुमट दिसला की दाब एकदाच आला की दोन वेगळ्या दिशांनी, हा प्रश्न विचारायलाच हवा.

ग्रॅनाइट आत कसा घुसला

जांबुघोडा, देवगढबारिया, गोध्रा या पट्ट्यात मोठमोठे गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. तो गोध्रा ग्रॅनाइट. भिंगातून तीन गोष्टी दिसतील: काचेसारखी करडी गारगोटी, चकाकत्या सपाट बाजूंचा पांढरा-गुलाबी फेल्स्पार आणि काळं अभ्रक. काही ठिकाणी फेल्स्पारचे स्फटिक बोटाच्या पेराएवढे असतात.

नकाशावर खूण केलेल्या सीमेवर या. पाच गोष्टी शोधायच्या. ग्रॅनाइटच्या शिरा फिलाइटचे थर कापत जातात का? कापणारा नेहमी नवा. फिलाइटचे तुकडे ग्रॅनाइटच्या पोटात अडकलेत का? अडकलेला नेहमी जुना. ग्रॅनाइटच्या जवळ जाताना फिलाइट कडक, ठिपकेदार होत जातो का आणि त्याचे पत्रे सुटेनासे होतात का? तसं असेल तर तो भट्टीशेजारच्या विटेसारखा भाजला गेला आणि त्याचा हॉर्नफेल्स झाला. ग्रॅनाइटचे कण सीमेजवळ बारीक होतात का? होत असतील तर तो कडेने लवकर निवला. आणि ग्रॅनाइटमधलं काळं अभ्रक सगळं एकाच दिशेने रांगेत आहे की वाटेल तसं विखुरलेलं?

शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. अभ्रक विखुरलेलं असेल आणि शिरा घड्यांना आडव्या कापत असतील, तर घड्या पडून गेल्यावर ग्रॅनाइट आला. अभ्रक रांगेत असेल, तर ग्रॅनाइट आल्यानंतर किंवा येत असतानाही दाब चालू होता. एकाच ग्रॅनाइटमध्ये दोन जागी दोन उत्तरं मिळू शकतात. दोन्ही लिहा, आपल्या आवडीचं एक निवडू नका.

उलट प्रकारही असतो. ग्रॅनाइटवर पिंडाश्म बसलेला असेल आणि त्यात त्याच ग्रॅनाइटचे गोटे असतील, तर ग्रॅनाइट जुना आणि थर नवा. मध्ये काळाचा खंड आहे. अशी सीमा दिसली तर फोटो काढा, शेजारी हातोडी मापासाठी ठेवा आणि उत्तर कुठल्या बाजूला आहे ते फोटोतच दिसू द्या.

नमुना असा घ्या

प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना वेगळा. पातळ काप करायचा असेल तर मुठीएवढा पुरतो. झिरकॉन, म्हणजे वय काढायला लागणारा बारीक स्फटिक, काढायचा असेल तर ग्रॅनाइटचे पाच ते दहा किलो लागतात, आणि एकही गंजलेला, भेगाळलेला तुकडा त्यात नको. नमुना सुटा करण्याआधी त्याच्यावर मार्करने कलाची दिशा, उताराचा बाण आणि वरची बाजू लिहा. एकदा दगड पिशवीत गेला की तो जमिनीत कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही. पिशवीवर नंबर, आत चिठ्ठीवर तोच नंबर, वहीत तोच नंबर आणि जीपीएसचे आकडे. एका नमुन्याची हातोडी आणि पिशवी साफ केल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका. झिरकॉनचा एक परका कण शंभर कोटी वर्षांची चूक घडवू शकतो.

प्रयोगशाळेत काय चालतं

हा भाग विद्यापीठामार्फतच जमेल, पण काय चालतं ते कळलं तर आलेला आकडा वाचता येतो.

पहिलं काम पातळ काप. दगडाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत घासतात. तेवढी झाली की तिच्यातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं रंगीत होऊन उभी राहतात. कोणतं खनिज कशाला गुंडाळून वाढलं, पत्रे आधीचे की स्फटिक आधीचा, हे इथे दिसतं.

मग वय. काही मूलद्रव्यं ठरावीक गतीने दुसऱ्यांत बदलतात. रुबिडियम-८७ चं स्ट्रॉन्शियम होतं, निम्मं व्हायला जवळजवळ ५,००० कोटी वर्षं लागतात. पोटॅशियम-४० निम्मं व्हायला १२५ कोटी. निम्म्या युरेनियम-२३८ चं शिसं व्हायला ४४७ कोटी, युरेनियम-२३५ चं ७० कोटी.

रुबिडियमची पद्धत ठेवींच्या हिशेबासारखी आहे. समजा एकाच दिवशी, एकाच दराने पाच खात्यांत वेगवेगळी मुद्दल ठेवली, आणि प्रत्येक खात्यात आधीपासून सारखीच थोडी शिल्लक होती. आज जिथे मुद्दल जास्त तिथे व्याजही जास्त. मुद्दल आडव्या अक्षावर आणि एकूण रक्कम उभ्या अक्षावर मांडली की पाचही बिंदू एका रेषेवर येतात. रेषा जितकी चढी तितका काळ जास्त, आणि ती उभ्या अक्षाला छेदते तिथे सुरुवातीची शिल्लक कळते. एकाच मॅग्मातून, म्हणजे खोलवरच्या वितळलेल्या खडकातून, निवलेल्या पाच-सहा नमुन्यांचं असंच करतात. बिंदू रेषेवर बसले नाहीत तर नमुने एका कुळातले नाहीत किंवा नंतर कुणीतरी खाती उघडली, म्हणजे खडक पुन्हा तापला.

गोध्रा ग्रॅनाइटचं वय १९७९ मध्ये याच पद्धतीने प्रसिद्ध झालं: ९५ कोटी ५० लाख वर्षं, दोन कोटींच्या फरकाने. भाचीला मी माचीवर सांगितलेलं 'चौदापट' इथून आलेलं. असा जुना आकडा वाचताना हिशेबाला कोणता क्षयांक, म्हणजे मूलद्रव्य बदलण्याचा दर, वापरला तेही बघा. रुबिडियमचा १९७७ मध्ये ठरवलेला क्षयांक आणि २०१५ मध्ये सुचवलेला क्षयांक यांत सुमारे दीड टक्क्याचा फरक आहे. या वयाच्या खडकाला तो दीड कोटी वर्षांचा पडतो.

झिरकॉन त्याहून भरवशाचा. मिठाच्या कणाहून बारीक असलेला हा स्फटिक वाढताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. त्यामुळे आत सापडलेलं शिसं बहुतेक आतच तयार झालेलं असतं. शिवाय त्यात दोन घड्याळं एकत्र चालतात, २३८ आणि २३५. दोन्ही सारखं वय सांगत असतील तर आकडा पक्का. जुळत नसतील तर मधे शिसं निसटलं. दहा किलो दगडाचा भुगा करायचा, पाण्यावर झोळायचा, चुंबकाने साफ करायचा, जड द्रवात बुडवायचा, आणि उरलेल्या चिमूटभर पुडीतून सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण उचलायचा. ते कण राळेत बसवून घासले आणि त्यांचं छायाचित्र घेतलं की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मधलं वलय एका जन्माचं, बाहेरचं दुसऱ्या जन्माचं असू शकतं. मग लेझरने किंवा आयनांच्या झोताने बरोबर कोणत्या वलयावर मारायचं ते ठरवतात. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, हैदराबादचं राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थान, दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर या ठिकाणी अशी वयं काढण्याची कामं होतात.

आकडा कशाचा, हे आधी विचारा

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. "खडकाचं वय" असं काही एक नसतं. प्रत्येक आकडा कुठल्या तरी घटनेचा असतो. झिरकॉनचं घड्याळ ९०० अंशांच्या वर गेलं तरी सहसा चालूच राहतं, म्हणून ते मॅग्मा निवल्याची वेळ सांगतं. काळ्या अभ्रकातला, पोटॅशियम-४० पासून होणारा आर्गॉन वायू सुमारे ३०० अंशांखाली आल्यावरच अडकतो. म्हणजे त्याच दगडाच्या अभ्रकाने कमी वय सांगितलं तर ती चूक नाही. तो डोंगर झिजून वर येत कधी थंड झाला, हे ते सांगतं. दोन्ही आकडे मिळाले तर पर्वत किती वेगाने उचलला गेला हेही काढता येतं.

चिखल-वाळूच्या खडकाचं मात्र थेट वय निघत नाही. क्वॉर्ट्झाइटमधले झिरकॉन कुठल्या तरी जुन्या डोंगरातून आलेले. त्यांपैकी सगळ्यात तरुण कण जितका जुना, त्याहून हा थर जुना असू शकत नाही. थराचं जास्तीत जास्त वय असं मिळतं, आणि कमीत कमी वय कापणारा ग्रॅनाइट देतो. चांपानेरचे थर गोध्रा ग्रॅनाइटने कापलेत, म्हणून ते ९५ कोटींहून जुनेच. दुसऱ्या रविवारी सीमेवर पाहिलेली ती शीर नसती, तर प्रयोगशाळेतला हा सुंदर आकडा या थरांबद्दल काहीच बोलला नसता.

झिरकॉनच्या वयांच्या गर्दीवरून गाळ कुठून आला तेही कळतं. राजस्थानातल्या अरवलीखालची जुनी जमीन २५० कोटी वर्षांची आणि त्याहूनही मागची आहे. इथल्या क्वॉर्ट्झाइटमध्ये त्या वयाचे कण असतील तर नद्या त्या जमिनीवरून वाहत होत्या असं म्हणता येतं.

भूहालचालीची गोष्ट जोडताना

वहीत तीन रकाने करा: काय पाहिलं, त्यावरून काय घडलं असावं, त्याआधी किंवा नंतर काय. पहिल्या रकान्यात मत येऊ देऊ नका.

स्वच्छ गारगोटीचा वालुकाश्म आणि डोलोमाइट म्हणजे शांत, उथळ समुद्राचा काठ. मळकट, वाळू-चिखल मिसळलेला, खालून वर बारीक होत जाणारा थर म्हणजे उतारावरून घसरून खोल पाण्यात साचलेला गाळ. उशांसारखा गोलसर बेसाल्ट म्हणजे पाण्याखाली ओतलेला लाव्हा. मँगनीज साचायला पाण्यात प्राणवायूची ठरावीक चढउतार लागते. हे सगळं घड्या पडून उभं झालेलं असेल तर तो समुद्र मिटला, दोन भूखंड जवळ आले. आणि मग आलेला ग्रॅनाइट? त्यात पांढरं अभ्रक, गार्नेट, जुन्या झिरकॉनची बीजं असतील तर तो बहुधा गाळाचे जाड थर खोल जाऊन वितळल्याने झाला. हॉर्नब्लेंड हे गडद खनिज असेल तर मॅग्माचं मूळ वेगळं शोधावं लागतं. रासायनिक तक्ते यात मदत करतात, पण निव्वळ तक्त्यावरचा एक बिंदू बघून "इथे भूखंड धडकले" असं लिहू नका.

९५ कोटी या आकड्याला मोठी पार्श्वभूमी आहे. साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी जगातले भूखंड जोडून रोडिनिया नावाचा महाखंड झाला असं मानतात. राजस्थानात सेंद्रा भागातले ग्रॅनाइटही जवळपास याच काळातले. अरवली आणि सातपुडा यांच्या सांध्यावर त्याच सुमारास एवढा ग्रॅनाइट वर यावा, यात अभ्यासकांना भारतीय भूमीचे तुकडे एकमेकांना सांधले जाण्याची खूण दिसते.

भाचीने गेल्या महिन्यात तिच्या वहीचं एक पान दाखवलं. जांबुघोड्याजवळच्या ओढ्यातला सीमेचा आराखडा, पेन्सिलीने. फिलाइटचे पट्टे तिरपे, त्यांना कापत जाणारी बोटभर रुंद गुलाबी शीर, शिरेत अडकलेला फिलाइटचा एक तुकडा, त्याच्या पत्र्यांची दिशा मूळ खडकाच्या दिशेशी न जुळणारी. बाजूला तिने लिहिलं होतं: "तुकडा आत पडून फिरला. म्हणजे पत्रे शिरेच्या आधी झालेले होते. अभ्रक विखुरलेलं, पण वरच्या धोंड्यात रांगेत आहे. पुन्हा जायचं."

येत्या रविवारी सकाळी सहाला निघतोय.